वाटून घेतलेलं खापर

वस्तीतल्या मुलींना झोपवताना सांगतात ती गोष्ट अशी:

फार पूर्वी बायका बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या घरात राहायच्या. दूध नासलं तर बाईमुळे. पोर पडलं तर बाईचं लक्ष नव्हतं म्हणून. पुरुषानं मारलं तर तिनंच तशी वेळ आणली म्हणून. जगात काहीही बिनसो, खापर फुटायचं ते बाईच्या डोक्यावर. मग एके दिवशी आपल्या पणज्या उठल्या, दारं तशीच उघडी टाकून निघाल्या, आणि मिठाचं मैदान ओलांडून इकडे आल्या. घरं बांधली, विहिरी खणल्या, बीजघर उभं केलं, जिथं दोन बायकांच्या पेशींतून तिसरी जन्माला येते. आणि त्यांनी ठरवलं, इथं कुणा एकीच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही. काही चुकलंच, तर मडकं चौकात फोडायचं आणि तुकडे सगळ्याजणींनी वाटून घ्यायचे. झोपा आता.

गोष्ट खोटी नाही. खोटी असती तर कानसला इतका राग आला नसता.

*

कानस हे काही तिचं नाव नव्हे. ती धुलाईघराच्या बॉयलरवर कामाला होती, आणि बोलली की समोरचीचं काहीतरी घासून निघायचं, म्हणून कानस. नाव ठेवणाऱ्यांनी ते प्रेमानं ठेवलं होतं. वस्तीत सगळं प्रेमानंच व्हायचं.

आणि वस्ती चांगली होती, हेही सांगायला हवं. दारांना कड्या नव्हत्या. अंधारात मागून पाऊल वाजलं तर बाई पळायची नाही, वळून म्हणायची, "कोण गं?" कुणी कुणाचं खात नव्हतं, कुणी कुणाला विकत नव्हतं. चार पिढ्या झाल्या, एका बाईनं दुसरीवर हात उगारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आवाजसुद्धा चढवायचा नाही. आरडाओरडा ही मैदानापलीकडची घाण, ती पणज्यांनी तिकडेच झटकली, असं शाळेत शिकवत.

कानस शाळेत असताना तिनं विचारलं होतं, "मग राग आला तर कुठे ठेवायचा?"

बाई म्हणाल्या होत्या, "येऊच द्यायचा नाही, बाळ."

*

तीन आठवड्यांपूर्वी कानसच्या धाकट्या बहिणीचा उजवा हात रुळात गेला.

रूळ म्हणजे दोन तापलेले लोखंडी दंडगोल, एकमेकांना खेटून फिरणारे. ओली चादर इकडून सारायची, तिकडून कोरडी, कडक निघते. सारणारीच्या बोटांपुढे एक जाळी असते, रुळाइतकी लांब, वीतभर उंच. चादर जाळीखालून जाते, बोटं जाळीला अडतात. त्या दिवशी जाळी नव्हती.

नव्हती म्हणजे काय? तिला पाय फुटले? चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली लोखंडी जाळी पहाटे उठून फिरायला गेली?

किंकाळी ऐकून वाफ बंद केली ती कानसनं. सोडली होती तीही तिनंच.

धाकटीचा हात मनगटाच्या वर चार बोटं कापावा लागला. कानस तिच्या उशाशी बसून राहिली. धाकटीची प्रकृती जरा सावरल्यावर कानस कामावर परत आली, बॉयलर पेटवला, काटा वर चढलेला पाहिला आणि सहज आत डोकावली.

रूळ फिरत होता. घाऱ्या डोळ्यांची एक बाई, धाकटीच्याच जागी, धाकटीच्याच स्टुलावर चढून चादरी सारत होती. जाळी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर कुणीतरी ओलं फडकं वाळत घातलं होतं.

*

"जाळी कुणी काढली?"

सारणारी म्हणाली, "आपणच गं."

"जाळी कुणी काढली?"

घड्या घालणाऱ्या तिघी एकदमच म्हणाल्या, कारण त्या सगळंच एकदम करायच्या, "आपल्या सगळ्यांचंच चुकलं."

"जाळी कुणी काढली?"

पान्हेवाली, जिच्या ताब्यात धुलाईघराची सगळी हत्यारं, फडक्याला हात पुसत म्हणाली, "मी लक्ष द्यायला हवं होतं."

"म्हणजे तू काढलीस?"

"मी म्हणजे आपण."

"तुझा स्क्रूड्रायव्हर कोण घेऊन गेलं होतं?"

"माझा कुठला? आपला. जिला लागेल ती नेते."

"बरं, आपण तर आपण. मग ती जाळी आत्ता परत बसव."

पान्हेवाली अवघडली. "बसवू ना. परवा खापर वाटून होऊ दे. त्याआधी मीच बसवली तर काय दिसेल? की मीच काढली होती. असं एकटीनं पुढे होणं बरं नाही दिसत गं."

"आणि तोपर्यंत हिचा हात गेला तर?"

"तर आपण सगळ्या आहोतच की."

कानसच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला मागल्या विहिरीची फळी आठवली. कुजलेल्या फळीवरून एक पोर आत पडली, खापर वाटलं. दुसऱ्या वर्षी एक गर्भार बाई पडली, खापर वाटलं. फळी अजून तीच होती. प्रत्येक घराच्या खिडकीत खापराचे तुकडे ओळीनं मांडलेले असत, रोज पुसलेले, आणि कुठला तुकडा कुठल्या चुकीचा ते एकीलाही सांगता येत नसे.

तिनं आत जाऊन जाळीवरचं फडकं ओढून फेकून दिलं. सारणारी गोड हसून म्हणाली, "अगं, वाळत होतं ते."

*

दवाखान्यात धाकटी उशीला टेकून बसली होती. पायाशी मावशी तिचे तळवे दाबत होती.

वस्तीत वयानं मोठ्या सगळ्या मावश्याच, पण या दोघींनी नुसतं मावशी म्हटलं की हीच. आई तापानं गेली तेव्हा धाकटी रांगत होती. आईची ही मैत्रीण आपलं अंथरूण उचलून घरी आली ती परत गेलीच नाही. धुलाईघराची मुकादम तीच. मितभाषी, भल्या पहाटे उठणारी, उकळत्या पाण्यात बिनदिक्कत हात घालणारी.

"ताई आली," धाकटी म्हणाली. "तोंड बघ तिचं. बॉयलर इकडेच घेऊन आलीये."

"जाळी अजून खालीच आहे," कानस म्हणाली.

मावशीचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"मी परवा तुकडा घेणार नाही," कानस म्हणाली. "जिनं काढली तिनं समोर येऊन सांगावं. तुझ्या तोंडावर सांगावं. परवा ते तुकडे उचलले गेले की संपलं, मग जन्मभर विषय काढता येत नाही. तेव्हा सांगायचं असेल तर त्याआधी."

"माझी वेणी कोण घालणार सांग, मग बाकीचं बघू," धाकटी म्हणाली. "एका हातानं होत नाही. पाहिलं करून."

"मी थट्टा करत नाहीये."

"मी करतेय. मला करू दे." धाकटीचा आवाज एकदम उतरला. "ताई, सकाळपासून चाळीस जणी येऊन मला पोटाशी धरून गेल्या. प्रत्येकीला रडू आलं, प्रत्येकीचे डोळे मी पुसले. डाव्या हातानं. आता तू राग घेऊन आलीस. तो कुठे ठेवू? माझ्या आखूड हातावर टांगायला ती काय खुंटी आहे?"

मावशी उठली, पाण्याचं भांडं उचललं, आणि भरायला म्हणून बाहेर गेली. भांडं भरलेलंच होतं.

*

दुसऱ्या दिवशी समजूतवाली बॉयलरपाशी आली. वस्तीत हे कामच असतं, जसं कुणी पाव भाजते, कुणी काच फुंकते, तशी ही समजूत घालते. गोरीगोमटी, गुबगुबीत, अंगाला साबणाचा वास. कोळशाच्या ढिगावर आपला पदर पसरून बसली.

"दमलीयेस, राणी," ती म्हणाली.

कानसनं भट्टीत फावडं मारलं.

"राग म्हणजे दुसरं काय गं? न रडलेलं रडू. ये, माझ्याजवळ रड."

दुसरं फावडं.

"अशी एकीला शोधून काढायची हौस तिकडल्या पुरुषांना होती. अपराधी शोधा, उभी करा, दगड मारा. आपल्या पणज्या त्यातूनच पळून आल्या ना? तू पुन्हा आपल्याला तिकडे नेतेस का?"

कानस काय बोलली नाही ते असं:

की माझी पणजी पळून आली तेव्हा तिच्या कवटीला खोक होती, आणि ती न रडलेल्या रडूतून आली नाही, ती संतापून आली. संताप होता म्हणून मैदान ओलांडलं. नुसतं पोटाशी धरून मैदान ओलांडता येत नाही. की तिकडले बापे सांगायचे, बाईच्या जातीनं आवाज चढवू नये, आणि इथं एकही बाप्या नाही, तरी तेच वाक्य तू माझ्या कोळशावर बसून मला सांगते आहेस, फक्त त्याला साबण लावून. की न केलेल्या चुकीचं खापर बाईच्या डोक्यावर फोडणं हा जुलूम होता, कबूल, शंभरदा कबूल. पण केलेल्या चुकीचं खापर तिच्या हातात न देणं म्हणजे तिला कुक्कुलं बाळ समजणं. बाळांना हात तोडू देतात का? की मला दगड मारायचा नाही. मला फक्त कुणाकडे तरी बघायचंय. तुम्ही मला तीनशे हसरे चेहरे देता आणि म्हणता यांच्याकडे बघ. की

समजूतवालीनं तिचा गाल कुरवाळला. "बोललीस की मोकळं वाटेल."

"कोळशावरून ऊठ," कानस म्हणाली. "तो लागतो मला."

*

चौकात, धुलाईघराच्या दारासमोर, मडकं फुटलं. फोडायचा मान सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. तुकडे विखुरले, मधे स्टुलावर धाकटी, पट्टी बांधलेला हात मांडीवर. बायकांची रांग लागली. प्रत्येकीनं वाकायचं, तुकडा उचलायचा, धाकटीच्या खांद्याला हात लावून म्हणायचं, "माझाही वाटा." आणि तिनं म्हणायचं, "पोचला."

"माझाही वाटा."

"पोचला."

"माझाही वाटा."

"पोचला."

धाकटी ते खेळाची तिकिटं फाडणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणत होती.

कानसची पाळी आली. ती वाकली नाही.

"माझा वाटा नाही."

रांग थबकली.

"जाळी मी काढली नाही. तुमच्यातल्या बहुतेकींनी काढली नाही. मग तुकडे कसले गोळा करताय? तीनशे जणी मिळून एकीला लपवताय तुम्ही!"

"इथं कुणी लपत नाही, राणी..."

"मला राणी म्हणू नकोस!"

ती ओरडली. चौकात असं कधी कुणी ओरडलं नव्हतं. दोघीतिघींनी कानांवर हात ठेवले. एका बाईनं आपल्या पोरीचे कान झाकले.

समजूतवाली पुढे झाली, खाली वाकली, आणि एक नाही, दोन तुकडे उचलले. "रुसलेलीचा मी घेते," ती मायेनं म्हणाली. साऱ्या चौकातून एक गोड सुस्कारा निघाला. धाकटीच्या खांद्याला हात लागला, रांग पुढे सरकली.

झालं. कानसनं गळा फाडून ओरडून पाहिलं होतं, आणि त्यांनी तिच्या ओरडण्याचीसुद्धा चादरीसारखी घडी घालून फडताळात ठेवून दिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान्हेवाली खाली मान घालून उभी होती. तिचं हे घाबरट थोबाड कानसनं दोन दिवस डोळ्यांपुढे धरलं होतं, तिच्यासाठी शब्द घासून घासून धारदार करून ठेवले होते. ती तिच्या दिशेनं निघालीच.

तेवढ्यात मावशी पुढे आली. वाकली नाही. तुकडा घेतला नाही.

"सगळं माझं आहे," मावशी म्हणाली. "जाळी मी..."

"आपलं," कुणीतरी म्हणालं.

"आपलं, आपलं," सगळ्या म्हणू लागल्या. वस्तीची हीच रीत. कुणी सगळी चूक एकटीच्या अंगावर ओढून घेऊ लागली की तिचा आवाज बुडेस्तोवर सगळ्यांनी म्हणायचं. पलीकडे बायका तसंच करायच्या ना, न केलेलं सगळं अंगावर घ्यायच्या. मावशीवर तर सगळ्यांचा जीव, म्हणून आवाज आणखी मऊ, आणखी मोठा. आपलं आपलं आपलं. मावशीचे ओठ हलत होते. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेतलं.

"गप्प बसा."

हे कानस नव्हती बोलली. धाकटी स्टुलावरून उठली होती.

"गप्प बसा म्हणते ना! मला ऐकू द्या."

आवाज विरला, एकेका बाईपाशी अडखळत, मागच्या रांगेपर्यंत.

"हात कुणाचा गेला?" धाकटी म्हणाली. "आपला? दाखवा बरं. वर करा सगळ्या." तिनं पट्टीचा हात वर केला. "अंगठा अजून दुखतो मला. नसलेला अंगठा दुखतो. पहाटे पहाटे इतका दुखतो की मी उशी चावते. तो वाटून घेतला का कुणी? एका रात्रीपुरता? मग चूकच तेवढी कशी हो वाटून घेता येते तुम्हाला?"

धाकटीनं हात खाली घेतला.

"पोचला नाही," ती म्हणाली. "मघापासून जे जे म्हणाले ते सगळं परत घेते. कुणाचाच पोचला नाही. मावशी, तू बोल."

मावशीनं दोघींचे हात आपल्या अंगावरून सोडवले.

"दवाखान्याच्या चादरी रुंद आहेत," ती म्हणाली. "कडेची जाड शिवण जाळीत अडकायची. काढा, पुन्हा सारा. काम तुंबलं होतं. मी पहाटे आले आणि जाळी काढली. तू यायच्या आधी."

"बोटं जातील असं मनात आलं नाही?"

साऱ्या चौकाला वाटलं, आता ती नाही म्हणेल.

"आलं," ती म्हणाली. "मग वाटलं, आजवर कुणाची गेली नाहीत."

कानसनं तयार ठेवलेले सगळे शब्द पान्हेवालीच्या मापाचे होते. मावशीला त्यातला एकही बसेना. हिनं तिला बॉयलर शिकवला होता. हिच्याच पाठीवर बसून धाकटी चालायला शिकायच्या आधी सारी वस्ती हिंडली होती. राग गेला नाही, उलट वाढला, पण आता त्याला धरायची मूठच सापडेना. तिनं बहिणीकडे पाहिलं. बहीण तिच्याकडे पाहतही नव्हती.

"रोज येऊन तळवे दाबत होतीस," धाकटी म्हणाली.

"सांगणार होते. पण सांगायला तोंड उघडलं की या सगळ्या..."

"दवाखान्यात कुठे होत्या सगळ्या? तू होतीस, मी होते. माझ्या कानात सांगायचं होतंस. तिथं कोण म्हणणार होतं आपलं-आपलं?"

मावशीचा चेहरा पडला. पहिल्यांदाच. इतका वेळ ती ताठ होती.

"सोयीचं होतं तुला," धाकटी म्हणाली. "यांनी तोंड दाबलं, आणि तुला ते बरं वाटलं."

"हो," मावशी म्हणाली.

समजूतवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "झालं ना आता," ती हात पसरून पुढे आली. "आता एकमेकींना..."

"एक पाऊल टाक," कानस म्हणाली, अगदी हळू, "आणि बघ."

समजूतवाली जागच्या जागी उभी राहिली. पसरलेल्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

"मी माफ करत नाहीये," धाकटी मावशीला म्हणाली. "पुढेमागे करेन की नाही, माहीत नाही. मला विचारायचं नाही. मी रागावले आहे, आणि मला नीट रागावू द्यायचं. घरी आलीस तरी. माझी वेणी घालत असलीस तरी."

"बरं."

"जाळी बसव."

पान्हेवाली लगबगीनं स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. चार जणी जाळी उचलायला धावल्या, घड्या घालणाऱ्या तिघी एकदम.

"ती एकटी," धाकटी म्हणाली.

कानसनं जाऊन वाफ बंद केली. धुलाईघराचं मोठं दार सताड उघडं होतं, बाहेर सगळ्या बायका दाटीनं उभ्या. ज्यांनी तुकडे उचलले होते त्यांच्या मुठीत ते तसेच होते. खाली टाकावेत की ठेवून घ्यावेत, कुणी सांगायला नव्हतं. मावशीनं जाळी ओढत आणली. जड होती. एका टोकाला गुडघा लावून दुसरं टोक उचललं, ते निसटलं, पुन्हा उचललं. तिचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. बायकांचे खांदे आपोआप पुढे व्हायचे आणि आपोआप मागे यायचे. मदत न करता नुसतं उभं राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एक म्हातारी रडू लागली. कुणी तिला जवळ घेतलं नाही.

एक स्क्रू बसला. दुसरा बसला. तिसरा लावताना स्क्रू मावशीच्या हातून सुटला, फरशीवर टणत्कार झाला आणि तो रुळाखालच्या अंधारात घरंगळत गेला. पान्हेवाली खाली वाकणार होती. कानसनं तिचा दंड धरला.

मावशी गुडघ्यांवर बसली. मग पालथी पडली. रुळाखाली हात घालून चाचपत राहिली.

"सापडला?" धाकटीनं विचारलं.

"शोधतेय."

"शोध."